तारेपलीकडचा भारत

'कुणालाच नको असलेली ओसाड जमीन म्हणजे नो मॅन्स लँड' असं म्हटलं जातं; ते इजिप्त-सुदान सीमेवरच्या बीर तवील या वाळवंटी पट्ट्यापुरतं पटतं. १८९९ ची सीमारेषा धरली तर दोघांनाही हवा असलेला शेजारचा हलायबचा प्रदेश इजिप्तकडे आणि बीर तवील सुदानकडे जातो, १९०२ ची धरली तर हलायब सुदानकडे आणि बीर तवील इजिप्तकडे. बीर तवील मागायचा तर हलायबवर पाणी सोडावं लागतं, म्हणून दोघेही गप्प.

पण आपल्या बांगलादेश सीमेवर उलटंच आहे. १९७५ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शून्य रेषेपासून (म्हणजे प्रत्यक्ष सीमारेषेपासून) १५० यार्डांत संरक्षणासाठीचं बांधकाम करायचं नाही, त्यामुळे कुंपण बऱ्याच ठिकाणी तेवढं आत आलंय. मधली जमीन भारताचीच, कसणारेही भारतीयच. कोथरूडला आमच्या घराच्या फरशा बसवणारा मिस्त्री पश्चिम बंगालच्या नदिया जिल्ह्यातला होता. त्याच्या भावाचं शेत असं तारेपलीकडे. सकाळी गेट उघडलं की बीएसएफच्या जवानाकडे ओळखपत्र जमा करायचं, पलीकडे जायचं, गेट बंद व्हायच्या आत परत. तागाचं पीक डोक्याच्या वर जातं, नजर अडते, म्हणून तारेजवळ ताग लावू देत नाहीत, असं तो सांगायचा (आणि पैसा तागातच, हेही). तेव्हा अशा पट्ट्या रिकाम्या असतात हे काही खरं नाही. नकाशावाल्यांनी एकदा ही गेटंही दाखवावीत.