सुट्टीतले गोडधोड आणि दात

प्रश्न: सणासुदीच्या सुट्टीत दिवसभर काही ना काही गोड तोंडात टाकले जाते. दातांना अधिक अपाय कशाने होतो, गोडाच्या एकूण प्रमाणाने की सतत चरण्याने?

प्रतिसाद १: प्रमाणाला महत्त्व आहेच, पण सतत चरणे अधिक घातक. दातांवरच्या थरातील जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि तेथील सामू (pH; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या आवरणातील खनिजे विरघळू लागतात. लाळ ही पातळी पूर्ववत करते, मात्र त्याला अर्धा-पाऊण तास लागू शकतो, आणि तेवढ्यात दुसरा घास गेला की सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. म्हणून गोड जेवणासोबतच उरकावे.

प्रतिसाद २: दाढांच्या खाचांत चिकटून राहणारे पदार्थ मला चॉकलेटपेक्षा वाईट वाटतात. मनुका मात्र ‘पौष्टिक’ म्हणून सहज सुटतात!

प्रश्नकर्ता: मग प्रत्येक वेळी लगेच ब्रश करावा का?

प्रतिसाद १: आंबट पेयानंतर किंवा फळानंतर तरी नको; मऊ पडलेले आवरण घासले जाते. तेव्हा पाण्याने खळखळून चूळ भरावी. झोपेत लाळ फारच कमी स्रवत असल्यामुळे रात्री फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासणे मात्र चुकवू नये.