टीव्हीच्या स्वस्ताईनं अमेरिकन कार्टून मारलं की जगवलं?

पाटीपेन्सिल (धागाकर्ता): माझं मत आधीच सांगतो. अमेरिकन कार्टूनचा सुवर्णकाळ संपवला तो विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनीच. होय, टॉम अँड जेरीच्याच जोडगोळीनं! एमजीएम या हॉलिवूड स्टुडिओत असताना त्यांच्या फिल्म्सनी सात ऑस्कर मिळवले. टॉमच्या मिशासुद्धा अभिनय करायच्या, स्कॉट ब्रॅडलीचं संगीत पावलागणिक बदलायचं. आणि नंतर त्यांनीच टीव्हीसाठी काढलेल्या कार्टूनमध्ये? योगी अस्वलाच्या गळ्यात कॉलर का असते? धड तसंच ठेवून नुसतं डोकं हलवलं तरी सांधा दिसू नये म्हणून. त्यांच्याच 'फ्लिंटस्टोन्स' मालिकेतल्या मंडळींच्या गाडीमागून तेच झाड किती वेळा जातं, मोजा.

तिरकस: ते ऑस्कर निर्माता फ्रेड क्विम्बीच्या नावावर लागले, एवढं जाता जाता. बाकी तुम्ही चोर सोडून संन्याशाला फाशी देताय. जुन्याच फिल्म्स पुन्हा थेटरात लावल्या तरी जवळपास तेवढाच गल्ला जमतो, हे एमजीएमच्या हिशेबनिसांनी पाहिलं आणि १९५७ मध्ये कार्टून विभागाला टाळं लागलं. सेकंदाला २४ फ्रेम लागतात; एक चित्र दोन फ्रेम चालवलं तरी सात मिनिटांना पाच हजार चित्रं होतात, तीही एकाच पात्राची. टीव्हीवाले थेटरातल्या खर्चाचा दहावा हिस्सासुद्धा द्यायला तयार नव्हते. कॉलर नसती तर योगीही नसता आणि चित्रकार घरी बसले असते.

गवती चहा: यूपीए स्टुडिओला विसरलात की दोघंही. १९४१ च्या संपानंतर डिस्नेतून बाहेर पडलेल्या मंडळींनी तो काढला. १९५० चा त्यांचा 'जेराल्ड मॅकबोइंग-बोइंग' बघा: सपाट रंग, मोजक्या रेषा, भिंती जवळपास नाहीतच. तरी ऑस्कर! कमी हालचाल म्हणजे कमी कला, हे मला अजिबात मान्य नाही.

पाटीपेन्सिल: यूपीएनं रेषा विचार करून गाळल्या. हॅना-बार्बेरांनी बिल बघून गाळल्या. पडद्यावर फरक दिसतो हो.

तिरकस: 'फ्लिंटस्टोन्स' १९६० मध्ये एबीसी या अमेरिकन वाहिनीवर रात्रीच्या मुख्य वेळेत लागायचं, मोठ्या माणसांसाठी. चित्रं हलत नव्हती, पण संवाद चालत होते. भारतात १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क आलं तेव्हा आपण दिवसभर ज्यावर पडीक असायचो, तो बराचसा माल टर्नर कंपनीनं विकत घेतलेल्या याच हॅना-बार्बेराच्या गोदामातला. तेव्हा नाही कोणी झाडं मोजली.

पाटीपेन्सिल: लहानपणी आवडलं म्हणून चांगलं, हा युक्तिवाद माझ्याकडे चालत नाही.

गवती चहा: पैशाचंच कारण असेल तर चक जोन्सचं काय, तिरकस? १९६३ पासून त्यानं एमजीएमसाठी ३४ टॉम अँड जेरी केले. बग्ज बनी गाजवलेला माणूस, चित्रं देखणी. तरी टॉम नुसता भुवया उडवत पोझ देत बसतो, मार खाताना त्याला लागतच नाही!