अनुभव धागा: ऑफिसात किल्ट घालताना

स्कॉटलंडमध्ये लग्नात किल्ट (पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा, मागे निऱ्या असलेला लोकरी घागरा) घालणं सोपं, पूर्ण संच भाड्याने मिळतो. पण सोमवारी सकाळी मीटिंगला तोच संच घातला तर वऱ्हाडातून उठून आल्यासारखं दिसतं. कामाच्या ठिकाणी काय बदलावं, ते इथे लिहा. मापं आणि कारणं द्या, आठवणी नकोत.

सुईदोरा
पॅन्टच्या मापावर किल्ट शिवायला टाकू नका. पॅन्ट खाली बसते, किल्ट बेंबीच्या वर. मापं तीन: कंबर, सीट (नितंबांचा घेर) आणि कमरेपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत लांबी. लांबी दुसऱ्याकडून मोजून घ्या. स्वतः वाकून पाहिलंत की टेप सरकते आणि किल्ट आखूड होतो.

पूर्ण किल्टला आठ वार कापड लागतं, म्हणजे नऊवारीला एक वार कमी. फक्त निऱ्या मागे आणि शिवलेल्या. वाराला 16 औंसाचं कापड छान पडतं, पण हीटर लावलेल्या ऑफिसात उकडतं. 13 औंस घ्या. 10-11 औंसाचं वाऱ्याला उडतं.

कातरकाम
सगळ्यात जास्त फसतं ते कोटात. सूटचा कोट लांब असतो. तो मागे निऱ्यांवर फुगतो, पुढे स्पॉरन (कमरेला पुढे लटकणारी पिशवी) झाकतो आणि माणूस घंटेसारखा दिसतो. किल्टचा कोट मुळातच आखूड बेततात. दिवसा आर्गाइल नावाचा कोट घाला, ट्वीडचा (जाड खरखरीत लोकरी कापडाचा) किंवा साध्या गडद लोकरीचा. प्रिन्स चार्ली हा कोट बो टायसोबत संध्याकाळच्या जेवणाला.

जुना ट्वीड कोट आखूड करून घेता येतो, पण खालचे खिसे कापाच्या रेषेत येत असतील तर नाद सोडा. वेस्टकोट असेल तर कमरेला पट्टा नको. टाय एकरंगी. टार्टन (रंगीत चौकड्यांचं कापड) किल्टवर टार्टन टाय म्हणजे गालिच्यावर गालिचा.

झालर
किल्टच्या पिनेबद्दल. किल्टला पुढे एकमेकांवर येणारे दोन सपाट पदर असतात. वरचा पदर उजवीकडे येतो, झालर त्याच काठाला. पिन फक्त वरच्या पदराला, झालरीजवळ खालच्या कोपऱ्यात. खालच्या पदरातूनही टोचली की चालता-बसताना दोन्ही पदर वेगवेगळे ओढले जातात, कापड तिरकं लटकतं आणि एक दिवस फाटतं. मी दुरुस्तीला आलेले किल्ट पाहतो. भोकं बहुतेक तिथेच.

तीनबोटं
मोजे गुडघ्याखाली तीन बोटं. पांढरे नकोत, ते भाड्याच्या संचाची खूण. राखाडी, गडद निळे किंवा मळकट हिरवे घ्या. घोट्याला नाड्या गुंडाळायचे गिली ब्रोग बूट जिन्यात सुटतात. साधे काळे ऑक्सफर्ड बूट बरे. स्पॉरन चामड्याचा, फरचा नको. त्याचा पट्टाही चामड्याचा, कारण साखळी कमरेवर लोकर घासून काढते. स्पॉरनमध्ये फोन आणि कार्ड एवढंच; ठासून भरलात तर तो पुढे लोंबतो.

मोज्यातली सुरी (स्कीन डू) घरी ठेवा. स्कॉटलंडच्या 1995 च्या कायद्यात राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून तिला सवलत आहे, पण इमारतीचा पहारेकरी आणि विमानतळ आपापले नियम लावतात.

मधली खुर्ची
बसताना तळहात मागे फिरवून निऱ्या खाली सारायच्या आणि मगच टेकायचं. नाहीतर अर्ध्या तासात त्या वेड्यावाकड्या दाबल्या जातात आणि उठल्यावर मागून अकॉर्डियन दिसतो. गुडघे जवळ, स्पॉरन मध्ये. व्यासपीठावर उंच स्टूल असेल तर आयोजकांकडून आधीच खुर्ची मागा.

प्रश्न: टार्टनचे नमुने स्कॉटिश घराण्यांच्या आडनावांशी जोडलेले असतात. मग आडनाव कुलकर्णी असेल तर टार्टन कुठला?

सुईदोरा
आडनावाची कायदेशीर अट नाही. बालमोरल हा टार्टन तेवढा राजघराण्यासाठी राखीव. ऑफिसला ब्लॅक वॉच हा टार्टन घ्या. गडद निळा-हिरवा, लांबून जवळपास एकरंगीच दिसतो. टार्टनच नको असेल तर राखाडी ट्वीडचा किल्टही चालतो.

झालर
प्रवासात घडी घालू नका. उभा दुमडून कमरेकडून गुंडाळा आणि स्त्रियांच्या नायलॉनच्या लांब मोज्यात सरकवा. पोहोचल्यावर लगेच कमरेला चिमटे लावून टांगा. वॉशिंग मशीन बंद. ब्रश, वाफ आणि क्वचित ड्रायक्लीन.