चोरी पोट्ट्याची, शिक्षा अख्ख्या घराला? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले. गावात विहिरींवरच्या मोटारींचं केबल चोरीला जात होतं, तांब्यासाठी. शेवटी एक पोट्टा सापडला, वायर जाळून बोटं काळी झालेली. पोलिसांत देण्याऐवजी बैठकीत ठरलं, त्याच्या घरच्या कोणाला कापूस वेचायला सांगायचं नाही, चक्कीवर त्यांचं दळणही घ्यायचं नाही. त्याची माय मजुरीवर घर चालवते. तिनं काय केलं बाप्पा?

मी बोललो तर म्हणे, "मग धाक कसा बसंल?" हरभऱ्याचं ओलित थांबलेल्या कास्तकाराचा राग खराच आहे. पण धाकापायी निर्दोषाला उपाशी ठेवणं मला पटत नाही.

२०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. पण त्यातली व्याख्या जात-धर्माच्या समूहाभोवती फिरते, आणि बैठकीत तर सगळ्याच जातींचे लोक होते. मग तो लागू होतो का? वकील मंडळींनी कृपया सांगावं.

केस न करता ग्रामसभेत हे मांडायचं आहे. केबलची भरपाई पोट्ट्यानं मजुरी करून फेडावी, असं सुचवलं तर ते वेठबिगारीत मोडेल काय?