येशू धर्माने कोण होता?

वाटसरू:
‘येशूने ख्रिस्ती धर्म स्थापन केला’ हे शाळेपासून ऐकत आलोय. मला ते पटत नाही. येशू ज्यू म्हणून जन्मला आणि ज्यू म्हणूनच मेला. आठव्या दिवशी त्याची सुंता झाली, असं लूकचं शुभवर्तमान सांगतं. शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, तो सभास्थानात (ज्यूंच्या प्रार्थनागृहात) जायचा, वल्हांडणाच्या ज्यू सणाला यरुशलेमला. सर्वांत मोठी आज्ञा कोणती, असं विचारल्यावर त्याने ‘शेमा’च म्हटला, म्हणजे ‘देव एकच’ असं सांगणारी ज्यूंची प्रार्थना. इतर ज्यूंशी संबंध तुटलेला असतानाही आपल्या कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंनी पिढ्यान्‌पिढ्या जपली, तीच ही प्रार्थना! ‘ख्रिस्ती’ हे नाव येशूच्या मृत्यूनंतर अंत्युखिया शहरात पडलं. नवा धर्म घडवला तो नंतरच्या प्रचारकाने, पौलाने.

वसईचा:
प्रभू येशू ज्यू होता हे आम्ही कुठे नाकारतो? पण सगळं पौलाच्या माथी मारू नका. ‘पूर्वजांना असं सांगितलं होतं, पण मी तुम्हांला सांगतो’ अशी भाषा, वर पापांची क्षमा! हा अधिकार त्याने स्वतःकडे घेतला होता. बीज तिथेच आहे.

वाटसरू:
त्याच डोंगरावरच्या प्रवचनात ‘मी नियमशास्त्र (म्हणजे ज्यूंचा धर्मकायदा) रद्द करायला आलो नाही’ हेही आहे, ते का गाळता? आणि त्याने नवा धर्म दिला असता तर अंत्युखियात भांडण झालंच नसतं. येशूचा शिष्य पेत्र तिथे ज्यूंखेरीज इतरांच्या पंक्तीला बसत होता. येशूचा भाऊ याकोब याच्याकडची, ज्यू रिवाज पाळणारी माणसं आली आणि तो मागे सरला. पौलाने त्याला तोंडावर सुनावलं; गलतीकरांना धाडलेल्या पत्रात त्याने स्वतःच लिहिलंय. येशूबरोबर जेवलेल्या पेत्राला पंक्तीला कोण चालतो हे ठाऊक नसावं?

नदीकाठ:
दोघेही एका माणसाचं नाव शोधताय, मला तिथेच अडचण वाटते. इ.स. 70 मध्ये रोमनांनी यरुशलेमचं ज्यू मंदिर पाडलं, त्यानंतर ज्यू आणि ख्रिस्ती वाटा हळूहळू फुटल्या. 386 साली अंत्युखियात योहान ख्रिसोस्तोम हा धर्मगुरू ख्रिस्ती लोकांवर प्रवचनांतून भडकतो. का? तर ते ज्यूंच्या सणांना सभास्थानात जातात म्हणून. येशूनंतर साडेतीनशे वर्षांनीही सामान्य माणसाला दोन्हीकडे जायला काही वाटत नव्हतं!

वसईचा:
सामान्यांचं खरंय. पण वाटसरू, पंक्तीचं भांडण वेगळं आणि श्रद्धा वेगळी. येशू मसीहा, म्हणजे देवाने पाठवलेला तारणारा आहे, यावर पेत्र-पौल कधीच भांडले नाहीत.

वाटसरू:
कुणाला मसीहा मानल्याने ज्यूपण सुटत नाही. इ.स. 132 च्या रोमनांविरुद्धच्या ज्यू बंडात रब्बी (ज्यू धर्मगुरू) अकिवाने बंडाचा नेता बार कोखबा याला मसीहा म्हटलं. दोघेही ज्यूच राहिले.

वसईचा:
बार कोखबा मारला गेल्यावर त्याचा धावा कुणी केला? येशूचा केला. पौल करिंथकरांना ग्रीकमध्ये पत्र लिहितो, पण शेवटी ‘मराना था’, म्हणजे ‘आमच्या प्रभो, ये’, हे शब्द अरामीतच ठेवतो. अरामी ही येशूच्या गालील प्रांताची बोली. म्हणजे ही प्रार्थना पौलाने रचलेली नाही. त्याच्या आधीपासून यरुशलेमचे, गालीलचे ज्यू ती करत होते. त्यांना तुम्ही काय म्हणाल?