मदत हवी आहे: फलकासाठी ठळक, अरुंद देवनागरी टंक (फॉन्ट)

नमस्कार. पंचवटीतील आमच्या छोट्या वाचनालयासाठी १० फूट लांब व दीड फूट उंच नामफलक करायचा आहे. नाव लांबलचक असल्याने ठळक पण अरुंद टंक हवा.

इंग्रजी नावासाठी इम्पॅक्ट निश्चित केला आहे. जेफ्री ली यांचा हा टंक १९६५ मध्ये आला; जाड दांडे, आतली चिंचोळी पोकळी आणि खेटून बसणारी अक्षरे यांमुळे थोड्या जागेत मोठा मथळा मावतो. देवनागरीत मात्र शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा व रफार आणि खाली उकार यांना जागा राखावीच लागते, त्यामुळे उरलेल्या उंचीत जाड अक्षर दाबले की ‘ध’, ‘भ’, ‘क्ष’ यांची पोटे बुजतात. एका टंकातील ‘श्रद्धा’ छापून रस्त्यापलीकडून पाहिले, तेव्हा ‘द्ध’ नुसता काळा ठिपका दिसला. फलकवाल्यांनी साधा टंक संगणकावर आडवा दाबून दिला; त्यात उभे दांडे बारीक झाले, शिरोरेषा मात्र तेवढीच जाड राहिली. मला ते अजिबात पटले नाही.

‘अनेक देवनागरी’ नावाच्या टंकामध्ये रुंदी व जाडी स्वतंत्रपणे बदलता येतात, म्हणून माझा कल तिकडे आहे. सर्वांत अरुंद रूप घेऊन जाडी एक पायरी कमी ठेवावी का? अक्षरांतील अंतर वाढवल्यास शिरोरेषा तुटते, त्यावर जाणकार काय करतात? ज्यांनी असे फलक केले आहेत, त्यांनी कृपया सांगावे.