बर्मिंगहॅम: जुन्या पबचं आतलं लाकूडकाम आणि काचा वाचवायच्या आहेत, कोणाला अनुभव आहे का?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. मी ११ वर्षं बर्मिंगहॅमला राहतोय. आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर एक जुना पब आहे. मी बिअर क्वचितच घेतो, पण दर गुरुवारी तिथे क्विझला जातो. या शहरात मला नावाने हाक मारणारी पहिली माणसं तिथेच भेटली. गेल्या महिन्यात पब विकला गेला. नवे मालक म्हणतात, मधले आडोसे काढून एकच मोठा हॉल करणार.

ते आडोसे महोगनीचे आहेत, वरच्या भागात नक्षीची काच. एका दारावर काचेत ‘स्मोक रूम’ कोरलंय, दुसऱ्यावर ‘आउटडोअर’. मिडलंड्समध्ये घरी न्यायची बिअर जिथे मिळायची त्या खिडकीला आउटडोअर म्हणतात. बाकांच्या वर वेटरला बोलवायची पितळी बटणं आहेत. आता वाजत नाहीत, पण हात लागून लागून गुळगुळीत झालीत.

साताऱ्याचा आमचा वाडा पाडला तेव्हा मी दहावीत होतो. सागवानी खांब टेम्पोतून गेले, आम्ही साधा फोटोही काढला नाही. ते अजून सलतं. इथे कोणाकडे जाऊ?

चुन्याचा_गिलावा:
मी इथे जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते. आधी हिस्टॉरिक इंग्लंडच्या (जुन्या वास्तू जपणारी इथली सरकारी संस्था) यादीत पब आहे का बघा. लिस्टेड, म्हणजे त्या यादीत, असेल तर संरक्षण फक्त दर्शनी भिंतीला नसतं, आतल्या बारला, आडोशांना, टाइल्सनाही असतं. परवानगीशिवाय ते तोडणं फौजदारी गुन्हा आहे.

लिस्टेड नसेल तर मात्र घाई करा. अशा इमारतीच्या आतलं काढून टाकायला सहसा प्लॅनिंगची परवानगी लागतच नाही. कॉन्झर्वेशन एरियात (जुनं रूप जपायचं ठरवलेल्या भागात) असली तरी आतल्या भागाला त्याचा उपयोग नाही. लिस्टिंगचा अर्ज कोणीही करू शकतं. निर्णय होईपर्यंत कौन्सिल सहा महिन्यांची संरक्षण नोटीस काढू शकते, तीही मागा. ‘कॅमरा’ या बिअरप्रेमींच्या संघटनेलाही लिहा. जुना अंतर्भाग टिकलेल्या पबांची त्यांनी देशभर फिरून यादी केली आहे.

थेम्सकाठची_मावशी:
लंडनच्या मेडा व्हेलमधला कार्लटन टॅव्हर्न आठवतो का? लिस्टिंगचा विचार चालू असतानाच एप्रिल २०१५ मध्ये तो पाडला. वेस्टमिन्स्टर कौन्सिलने होता तसाच पुन्हा बांधायला लावला आणि २०२१ मध्ये तो उघडला. आधी झालेल्या नोंदी हाताशी होत्या, म्हणून ‘होता तसा’ म्हणजे कसा हे ठरवता आलं. तुम्ही आजच मोजमापं घ्या.

अमेय_लेस्टर:
भावना समजते. पण गिऱ्हाईकच नसेल तर मालकाने काय करायचं? माझ्या ओळखीतले दोन पब बंद झाले.

थेम्सकाठची_मावशी:
अमेय, लंडनच्या हॉबर्नमधला प्रिन्सेस लुईझ पब बघून ये. तिथले काढून टाकलेले आडोसे २००७-०८ च्या सुमारास पुन्हा बसवले. आता संध्याकाळी उभं राहायला जागा नसते. बेलफास्टचा क्राउन पब १९७८ पासून नॅशनल ट्रस्टकडे (वारसा जपणारी धर्मादाय संस्था) आहे, तरी तिथे रोज बिअर ओतली जाते. चारचौघांना दार लावून बसता येईल अशी खोली नव्या हॉलमध्ये कुठून आणणार?

कृष्णाकाठ:
मनापासून आभार. यादी पाहिली, आमचा पब त्यात नाही. अर्ज आजच भरायला घेतलाय. बारमागच्या काकू तिथे २६ वर्षं आहेत, त्यांनी शनिवारी सकाळी ९ ला दार उघडून द्यायचं कबूल केलंय. @चुन्याचा_गिलावा, नक्षीच्या काचेचा फोटो चकाकी न येता कसा काढायचा? मागून काळं कापड धरलं तर चालेल का?

चुन्याचा_गिलावा:
चालेल. फ्लॅश बंद ठेवा, कॅमेरा जरा तिरका धरा, आणि प्रत्येक फोटोत मोजपट्टी दिसू द्या. बटणांच्या मागच्या तारा दिसत असतील तर त्यांचाही घ्या.